थंड की सरबत?

मालवण परिसरातल्या घरांत वैशाखात पाहुणा ओटीवर टेकला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : "थंड घेतल्यात की सरबत करू?" या प्रश्नातला 'की' आम्हांला पुष्कळ वर्षे खुपत आला आहे. सरबतही थंडच असते. माठातल्या पाण्यात केले तरी ते थंडाव्यासाठीच प्यायचे असते. तरीही विचारणाऱ्या बाईच्या मनात दोन वस्तूंची दोन घरे पक्की आहेत. 'थंड' म्हणजे दुकानातून आणायची, कंपनीची, बुडबुडे येणारी बाटली. 'सरबत' म्हणजे घरचे, बरणीतले, कोकमाचे. थंड आणतात, सरबत करतात. या 'आणणे' आणि 'करणे' यांच्या मध्ये पाहुण्याचा मान मोजला जातो, आणि आणलेल्याचे माप केलेल्याहून जड पडते. मुंबईहून आलेला जावई असेल तर मुलाला सायकलवरून दुकानात पिटाळतात. शेजारचे भाऊकाका असतील तर सरबत होते. पूर्वी दोघांनाही आधी गूळ-पाणी मिळे, आणि त्यात मानाची प्रत ठरलेली नसे.

साहित्याच्या वाचकाला शब्दांच्या अशा वाटणीत रस असायला हरकत नाही. इंग्रजीत या पेयांना 'सॉफ्ट' म्हणतात ते 'हार्ड' म्हणजे दारूच्या विरोधात. तिथली कसोटी नशेची. मराठीने 'शीतपेय' असा शब्द घडवला. इथली कसोटी तापमानाची. आपला करकायदा 'एरेटेड वॉटर' म्हणतो. त्याची कसोटी पाण्यात कोंडलेल्या वायूची. ज्या साखरेसाठी हा सारा व्यवहार चालतो, तिचे नाव या तिन्ही शब्दांत नाही. वस्तूला कोणत्या गुणावरून हाक मारायची हे एकदा ठरले की तिचा बाजार, तिचा कर आणि तिची प्रतिष्ठा हळूहळू त्या हाकेला 'ओ' देऊ लागतात. आमच्या किनाऱ्यावर हे कसे घडले, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

वायूचे पाणी आपल्याकडे कोलाच्या आधीपासून आहे. मुंबईत पालनजी १८६५ पासून, ड्यूक्स १८८९ पासून, पुण्यात अर्देशिर १८८४ पासून, असे पारशी कारखानदार सोडा, जिंजर, रास्पबेरी विकत होते. लंडनच्या हायरम कॉड याने १८७२ साली गळ्यात काचेची गोटी बसवलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबानेच ती गोटी बाटलीचे तोंड बंद ठेवते, वेगळे बूच लागत नाही. ही 'गोटी सोड्या'ची बाटली तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचली आणि मायदेशातून हद्दपार झाल्यावरही आपल्याकडे टिकली. तिचा कारखाना एका खोलीत मावत असे, बाटली धुऊन पुन्हा भरली जात असे आणि गिऱ्हाईक ती दुकानातच उभ्याने पीत असे. मालक गावचा, पाणी गावच्या विहिरीचे, बाटली गावातच फिरणारी. सोडा ही परकी कल्पना होती खरी, पण तिचा व्यवहार मात्र स्थानिक होता. परकेपण वस्तूत असते की व्यवहारात, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

१९७७ साली या प्रश्नाचे उत्तर सरकारने वस्तूच्या बाजूने दिले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा आग्रह होता. जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी तो कोका-कोलाच्या बाबतीत नेटाने लावून धरला. सूत्र आणि मालकी सोडण्यापेक्षा कंपनीने देश सोडला. त्याच मंत्रिमंडळात आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री होते, त्यामुळे दिल्लीतल्या या घडामोडी आमच्याकडे पुष्कळ घरांत आपल्या माणसाच्या सरकारची गोष्ट म्हणून ऐकल्या गेल्या. पुढे जे झाले ते मात्र विचार करायला लावणारे आहे. रिकाम्या झालेल्या जागेसाठी सरकारने स्वतःचे पेय काढले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याची चव सिद्ध केली, मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने ते बाजारात आणले, आणि सत्तांतराच्या वर्षावरून त्याचे नाव 'डबल सेव्हन' पडले. तेही कोलाच होते. खासगी क्षेत्रात पारलेचे थम्स अप आणि प्युअर ड्रिंक्सचे कॅम्पा कोला आले, तीही कोलाच. परकी बाटली गेली, पण तिची चव हीच आधुनिक पेयाची व्याख्या म्हणून मागे राहिली. कोकम, कैरीचे पन्हे, आवळा, लिंबू यांतून राष्ट्राचे पेय घडवावे असे त्या क्षणी राज्यकर्त्यांना सुचले नाही. साहित्यातही असे पुष्कळदा होते : लेखक परका नाकारला जातो, आणि त्याच्या कादंबरीचा घाट मात्र देशी नावाने चालू राहतो.

नंतरचा इतिहास परिचित आहे. १९८८ साली पेप्सीला परवानगी मिळाली आणि १९९० मध्ये ती 'लेहर' हे देशी उपनाम लावून आली. १९९३ साली कोका-कोला परतली आणि तिने पारलेची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावेच विकत घेतली. १९९४ मध्ये मुंबईचे ड्यूक्स पेप्सीकडे गेले. २००३ च्या सुमारास २०० मिलिलिटरची काचेची बाटली पाच रुपयांना मिळू लागली आणि तिच्या जोडीला 'थंडा' या शब्दाचा अर्थच आमचे नाव, असे सांगणारी हिंदी जाहिरात घरोघरच्या दूरचित्रवाणीवर आली. एका सामान्य विशेषणावर इतक्या उघडपणे मालकी सांगितल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही. आमच्या ओटीवरचा 'थंड' हा शब्द त्याआधीच बाटलीकडे झुकलेला होता. जाहिरातीने त्या झुकण्यावर शिक्का मारला. त्याच वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मधील अहवालात त्या निष्कर्षांना दुजोरा दिला आणि शीतपेयांसाठी वेगळी मानके असावीत असे म्हटले. वाद कीटकनाशकांचा झाला. साखरेचा झाला नाही. बाटलीत चुकून शिरलेल्या वस्तूवर देश चिडला. मुद्दाम घातलेल्या वस्तूबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

चव आणि जाहिरात यांपेक्षा आमच्या बाजारात अधिक परिणामकारक ठरलेली वस्तू तिसरीच आहे : फ्रिज. किनाऱ्यावरच्या लहान दुकानात काचेच्या दाराचा जो उभा फ्रिज दिसतो, तो बहुधा दुकानदाराने विकत घेतलेला नसतो. पेयाच्या कंपनीने ठेवायला दिलेला असतो, आणि त्यात त्याच कंपनीचा माल ठेवायचा असा संकेत असतो. दुकान आठ बाय दहाचे. दुसरा फ्रिज ठेवायला ना जागा, ना विजेच्या बिलाची तयारी. गावातल्या महिला बचत गटाने भरलेली कोकमाची बाटली मग फळीवर, काजूगर आणि खाजाच्या पुड्यांशेजारी, उन्हाची तिरीप खात उभी राहते. ज्या भाषेत पेयाचे नावच 'थंड' आहे, त्या भाषेच्या मुलखात फ्रिजबाहेरच्या पेयाची हार आधीच ठरलेली असते. गिऱ्हाईकाने कोकम नाकारले असे आपण म्हणतो. वस्तुतः ते त्याच्यासमोर थंड होऊन आलेच नाही.

हा प्रकार केवळ आमच्याकडचा नाही, आणि त्यावर कायद्याचा विचारही इतरत्र झाला आहे. मेक्सिको सिटीतल्या एका लहान दुकानदार बाईने आपल्याला स्वस्त प्रतिस्पर्धी पेय ठेवू देत नाहीत, अशी तक्रार तिथल्या स्पर्धा आयोगाकडे केली. २००५ साली आयोगाने कोका-कोला आणि तिच्या बाटलीकारांना मोठा दंड ठोठावला. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने कोका-कोलाकडून बांधून घेतले की, ज्या दुकानात तिचा फुकट दिलेला फ्रिज हीच थंड करण्याची एकमेव सोय आहे, तिथे त्यातली निदान २० टक्के जागा दुकानदाराला दुसऱ्यांच्या मालासाठी मोकळी असावी. आम्हांला ही तरतूद फार सूचक वाटते. तिने कोणाला अनुदान दिले नाही की कोणावर बंदी घातली नाही. फळीचा पाचवा हिस्सा मोकळा केला, इतकेच. मालवणच्या बाजारात असा पाचवा हिस्सा मिळाला असता तर काय झाले असते, या कल्पनेत आम्ही कधीकधी रमतो.

आता कराकडे वळू. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा गोड वायुयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर, म्हणजे ४० टक्के बसले. सप्टेंबर २०२५ मध्ये रचना बदलली, तेव्हा उपकर गेला आणि सरळ ४० टक्क्यांचा दर आला. वायू नसलेली फळांच्या रसाची पेये त्याच वेळी १२ वरून ५ टक्क्यांवर आली. वरवर पाहता हे आमच्या बाजूचे दिसते. पण कसोटी वायूची असल्यामुळे परिणाम चमत्कारिक होतात. साखरेने ओथंबलेले डब्यातले आंब्याचे पेय ५ टक्क्यांत बसते. साखर अजिबात नसलेला कोला ४० टक्क्यांत. साखर व स्वाद नसलेला साधा सोडा ५ टक्क्यांत, त्याच सोड्यात कारखान्यातच लिंबू-साखर पडली की ४०. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत बोचरे ते असे : मालवणातल्या कोणी होतकरू मुलाने खरे कोकम वापरून बुडबुड्यांचे पेय काढले, तर तेही ४० टक्क्यांत. २०१४ साली पंतप्रधानांनी कोला कंपन्यांना आपल्या पेयांत पाच टक्के फळांचा रस मिसळण्याचे आवाहन केले होते, म्हणजे शेतकऱ्याला बाजार मिळेल असा त्यामागचा हिशेब. २०२१ च्या सप्टेंबरात कर परिषदेने मात्र स्पष्ट केले की, फळांचा रस असला तरी वायू आहे तोवर वरचाच दर लागेल. शिवाय लहान उत्पादकांसाठी आपसमेळ योजना म्हणून जी सोपी करपद्धती आहे, तिच्यातून ऑक्टोबर २०१९ पासून गोड वायुयुक्त पाणी बनवणारे वगळले गेले. म्हणजे जगभर पसरलेली कंपनी आणि एका खोलीतला गोटी सोडावाला यांना कायद्याने एकाच बाकावर बसवले.

कसोटी बदलली की बाजार कसा वळतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तिथे एप्रिल २०१८ पासून साखरेवरच आकारणी आली : १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काही नाही, त्यावर सुरुवातीला लिटरमागे १८ पेन्स, आणि ८ ग्रॅमपासून पुढे २४ पेन्स होते. दर दोन वर्षे आधी जाहीर झाल्यामुळे कंपन्यांनी कर भरण्याऐवजी पाककृतीच बदलल्या. स्कॉटलंडचे लाडके पेय इर्न-ब्रू याची साखर १०.३ ग्रॅमवरून ४.७ वर आली, तेव्हा तिथल्या काही भक्तांनी जुन्या बाटल्यांचा साठा करून ठेवला. मेक्सिकोने २०१४ पासून लिटरमागे एक पेसो लावला. चिलीने २०१६ पासून साखर जास्त असलेल्या खाद्यपेयांवर काळे अष्टकोन छापायला लावले. जे बाटलीच्या नावात नव्हते ते बाटलीच्या अंगावर आले. उलट डेन्मार्कने आपला जुना शीतपेय कर २०१४ च्या आरंभी रद्द केला, कारण लोक सीमा ओलांडून जर्मनीत स्वस्त बाटल्या घेत होते. हे शेवटचे उदाहरण सिंधुदुर्गाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बांद्याच्या पलीकडे गोवा सुरू होतो. तिथे काजूच्या बोंडूची फेणी होते आणि २००९ साली तिला भौगोलिक निर्देशन मिळाले. अलीकडे तोच बोंडू झाडाखाली कुजलेला आम्ही लहानपणापासून पाहत आलो. जमीन एक, फळ एक. कायदा बदलला की एकाचा माल होतो आणि दुसऱ्याचा कचरा.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की, साखरेची कसोटी आणली की आमचे कोकम सुटले. तसे नाही, आणि हे सांगितल्याविना आमचे लेखन गावाच्या कौतुकात संपेल. रातांब्याच्या साली साखरेत थरावर थर घालून उन्हात ठेवायच्या आणि सुटलेला रस गाळून घ्यायचा, हे अमृत कोकम. फळांच्या सरबताला कायद्याने जी व्याख्या दिली आहे तिच्यात फळाचा रस निदान २५ टक्के आणि विरघळलेले घटक निदान ६५ टक्के लागतात. हे घटक म्हणजे बहुतांश साखर. साखर कमी केली तर सरबत टिकत नाही आणि कायद्याच्या लेखी सरबतही राहत नाही. एक वाटी सरबतात पाच वाट्या पाणी घातले तरी पेल्यात १०० मिलिलिटरला १४ ग्रॅमच्या आसपास साखर उतरते. कोलात ती साधारण १०-११ ग्रॅम असते. म्हणजे ब्रिटनचे माप मालवणात लावले तर आजीची बरणी वरच्या दरात जाईल. आपले म्हणून ते औषधी, परके म्हणून ते विष, ही वाटणी साखरेच्या कणाला मान्य नाही. कोकमाला त्याचा रंग आहे, आंबटपणा आहे, गुण आहेत. पण साखर ही साखरच.

मात्र कोकणी स्वयंपाकघराला दुसरी वाटही माहीत होती. मिठात मुरवलेला रातांब्याचा रस म्हणजे आगळ. त्यात साखर नाही. आगळाचे किंवा सोलांचे पाणी, थोडे जिरे, मिरची, कोथिंबीर घातली की तिवळ. नारळाचा रस घातला की सोलकढी. उन्हातून आलेल्या माणसाचा घाम आणि मीठ भरून काढणारी ही पेये साखरेच्या युगाआधीची आहेत. आगळ वर्षभर टिकते, पण सोलकढी सकाळची संध्याकाळपर्यंत धड राहत नाही. टिकत नाही ती बाटलीत जात नाही, बाटलीत जात नाही ती फळीवर येत नाही, आणि फळीवर नाही तिला ना दर, ना व्याख्या, ना जाहिरात. कर, मानके, भौगोलिक निर्देशन ही सारी टिकणाऱ्या वस्तूंची भाषा आहे. 'सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम' या नावाला २०१६ साली भौगोलिक निर्देशन मिळाले, याचा आम्हांला आनंद आहे. पण त्याने फळाचे नाव राखले, पेल्यातली रीत नाही. ती राखण्याचे काम अजूनही ज्या बायका नारळ खवून रस काढतात त्यांच्याच मनगटावर आहे. खानावळींच्या फलकांवर सोलकढी मानाने विराजमान झाली आहे खरी, परंतु ती जेवणाच्या ताटाबरोबर येणारी, पर्यटकाने कौतुकाने प्यायची म्हणून. शाळेतून तहानलेला आलेला मुलगा ती मागत नाही.

इथे मिठाची आठवण होणे अपरिहार्य आहे. मालवणपासून दक्षिणेला, वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला, १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच गावी वि. स. खांडेकर तेव्हा शाळामास्तर होते. जी वस्तू समुद्र फुकट देतो ती स्वतः तयार करण्यावर सत्तेने निर्बंध घालावा, हे लोकांना असह्य वाटले. आज आगळ घालण्यावर कोणाचा निर्बंध नाही. रातांबे रानात आहेत, मीठ आगरात आहे, बरण्या माळ्यावर आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पिकणारे फळ पाऊस लागला की झाडाखालीच सडते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता'सारख्या जाती काढल्या त्यामागे पावसाआधी फळ हाती यावे हाही हेतू होता. तरीही दरवर्षी पुष्कळ फळ कोणी वेचतच नाही. मुलगे मुंबईत, सुना नोकरीवर, म्हाताऱ्यांच्याने झाडाखाली वाकवत नाही. कायद्याने बंद केलेली गोष्ट सत्याग्रहाने उघडता येते. आपणच न केलेली गोष्ट कोणापुढे मागायची?

तेव्हा आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. कायद्याकडे आम्ही एवढेच मागू की, त्याने बुडबुडे मोजायचे सोडून साखर मोजावी, मग ती कोणाच्याही बाटलीतली असो, आमच्या कोकमाची सुद्धा. लहान कारखानदाराला मोठ्याच्या बाकावर बसवू नये. आणि फुकटच्या फ्रिजमध्ये शेजारच्या बचत गटासाठी एक फळी मोकळी ठेवावी. यांतले काहीच अशक्य नाही, कुठे ना कुठे झालेले आहे. २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांत अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकण्याला मनाई केलीच आहे. आता त्या पन्नास मीटरांत काय ठेवायचे, हे ठरवायचे राहिले. दुसरे मागणे स्वतःकडे, म्हणजे शिकवणाऱ्यांकडे आहे. आपण मुलांना शब्दांचे अर्थ शिकवतो. 'थंड' या शब्दाचा अर्थ एका कंपनीच्या नावावर संपत नाही, हे शिकवायला पाठ्यपुस्तक लागत नाही. वर्गाच्या खिडकीत एक माठ, बाजूला आगळाची बाटली, आणि पाणी किती व आगळ किती याचे ज्याचे त्याने ठरवलेले प्रमाण, एवढ्यावर तो धडा होतो. मुलांना तो पहिल्या घोटात आंबट लागेल. दुसऱ्या घोटाला ती स्वतःच थोडे पाणी वाढवून घेतील.